सरत चाललेला ढग

आमच्या घरात खोटं बोलायची कुणालाच सवय नव्हती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की आम्ही सगळे लबाड होतो. सासरे खोट्याचा तिटकारा करणारे, सासूबाई देवभोळ्या, आणि नवरा इतका सरळ की बाजारात भाव करताना आपल्याला किती परवडतं ते स्वतःच आधी सांगून मोकळा व्हायचा. तरी याच घराने एका माणसाला वर्षानुवर्षं एकच खोटी गोष्ट सांगितली. तीही त्याचा मान राखायला. त्यात त्याचे डोळे गेले, आणि त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

माझं माहेर धुळ्याचं आणि सासर पारोळ्याचं. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून मीही आबाच म्हणू लागले. त्यांची उभी नोकरी मोजणी खात्यात गेली. पूर्व खानदेशात त्यांनी साखळी ओढली नाही असं शिवार शोधूनच काढावं लागलं असतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी कपाशी आणि ज्वारी मुलावर सोपवली आणि स्वतः आभाळ मोजायला घेतलं. धुळ्याचा कुणी गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. लोक खुर्च्यांवर आणि चिनी मातीच्या बश्यांवर तुटून पडले होते, आणि आबांनी तिथून पितळी दुर्बीण आणली. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. त्या लिलावातून कपाट येईल म्हणून वाट बघत बसल्या होत्या. तो विषय त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही.

आमचं घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. उन्हाळ्यात तिथे पापड-कुरडया वाळायच्या आणि माणसं झोपायची. पण धाब्यावर कुणी चाललं की ते किंचित लवतं. आपल्या पायाला ते कळत नाही, दुर्बिणीतला तारा मात्र थयथय नाचतो. म्हणून आबांनी अंगणातून विटांचा एक जाड खांब उभारला होता आणि धाब्याला कुठेही न टेकवता तो वर काढला होता. त्याच्या माथ्यावर दुर्बीण. सरकी काढायच्या जिनात मोडीत निघालेल्या यंत्राची दोन दातेरी चाकं त्यांनी मिळवली आणि लोहाराकडून ध्रुवाकडे रोखलेला आस करून घेतला. आसाला एक लहानसा दांडा होता. तो सावकाश फिरवत राहिलं की दुर्बीण ताऱ्याच्या पाठोपाठ सरकायची.

आबांचा जीव जडला होता तो मृगातल्या ढगावर. मृग नक्षत्राच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण घुसलेला दिसतो, त्याच्या जरा खाली एक अंधूक ठिपका आहे. नुसत्या डोळ्यांना तो तारा वाटतो. दुर्बिणीतून पाहिलं की त्याचा ढग होतो, आणि ढगाच्या पोटात चार बारीक तारे एका लहानशा चौकटीत बसलेले दिसतात. आबांनी कुठल्या इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं की अशा ढगांतूनच तारे जन्माला येतात. आल्यागेल्याला ते सांगायचे, "आभाय जुनं म्हनतस लोक. तठे आजून पेरनी चालू शे!" घरात ते अहिराणीच बोलत. कचेरीतली मराठी त्यांनी पेन्शनीबरोबर कचेरीतच सोडली होती.

ढग पाहायचा दिवसही ठरलेला, महाशिवरात्र. त्या सुमाराला मृग दिवेलागणीनंतर लगेच डोक्यावर असतो आणि चंद्र नसतो. शिवाय गावाला उपास, त्यामुळे भाकरीच्या चुली थंड आणि धूर कमी. आबांची शिवभक्ती एवढीच होती. अक्का महादेवाला जायच्या आणि आबा धाब्यावर.

माझं लग्न झालं त्याच वर्षीच्या शिवरात्रीला ढगाचा पहिला फोटो निघाला. माझे थोरले भाऊ, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, धुळ्यात फोटो स्टुडिओ चालवत. आबांना अशी सोयरीक मिळाल्यावर ते कसले सोडतात! लग्नाच्या मांडवातच त्यांनी नानांना बाजूला घेऊन भिंगाची चौकशी केली होती. नाना मोटारीने पारोळ्याला आले, आणि ज्या कॅमेऱ्याने त्यांनी निम्म्या धुळ्याच्या नवरानवरींचे फोटो काढले होते तोच लाकडी कॅमेरा चामड्याच्या पट्ट्यांनी दुर्बिणीच्या पाठीवर आवळून बसवला. आत काचेची प्लेट. आता एक ठळक तारा दुर्बिणीत मधोमध धरून ठेवायचा, आणि कॅमेऱ्याने तेवढा वेळ ढगाचा उजेड थेंबथेंब गोळा करायचा.

तारा मधोमध आहे की नाही हे कळायला आबांनी नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, कोळ्याच्या जाळ्याचे दोन धागे आडवेउभे ताणले होते. मोजणीच्या यंत्रात तसेच असतात म्हणे. तारा त्या फुलीवरून हलला की दांडा हलकेच फिरवायचा. आबा जवळजवळ अर्धा तास डोळा न हलवता बसले होते. कुणी जागचं उठायचं नाही, खोकायचं नाही. मी नवी नवरी, एका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते आणि शेंगदाणे खाल्ल्याने लागलेला ठसका गिळत होते.

प्लेट झाकल्यावर आबांनी मला बोलावलं. सासरे सुनेला हाक मारून दुर्बिणीशी बसवतात हे अक्कांना काही रुचलं नाही, पण आबांपुढे कोण बोलणार? मी डोळा लावला. चार तारे दिसले, ढग दिसेना.

"सरळ नको दखू, माय," आबा म्हणाले. "नजर जराशी बाजूले ठेव. लाजाळू शे तो. तोंडवर दखं का लपी जास."

मी नजर बाजूला नेली आणि तो उमलला. राखाडी, हिरवट झाक असलेला, दोन्ही बाजूंना पंख पसरल्यासारखा. सरळ पाहिलं की विरायचा, कोपऱ्यातून पाहिलं की परत यायचा. पदराआडून, डोळ्याच्या कोपऱ्यातून घर पाहायचं हे नव्या नवरीला कुणी शिकवावं लागत नाही. त्या दिवशी मला सासरी पहिल्यांदा बरं वाटलं.

नानांनी कणग्यांच्या खोलीत कंदिलाला लाल कागद गुंडाळून प्लेट धुतली. काचेवर सगळं उलटं असतं, आभाळ पांढरं आणि तारे काळे. त्यांत ज्वारीच्या दाण्याएवढा एक काळसर डाग. तोच ढग. नानांनी पुढे त्याचा मोठा कागदी फोटो करून पाठवला आणि आबांनी तो ओसरीत देवांच्या तसबिरींशेजारी लावला. काच मात्र त्यांनी मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवली.

पुढची काही वर्षं माझी चुलीपुढे आणि पाळण्यापुढे गेली. शिवरात्रीला मी भगर आणि शेंगदाण्याची आमटी करायची आणि वरच्या पावलांचे आवाज ऐकायची. मग एका वर्षी आबा खाली आले ते विचारात पडलेले.

"ढग कमी व्हयना," ते म्हणाले, म्हणजे कमी झाला.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. "आवंदा आखो कमी व्हयना." आणखी एक वर्ष गेलं आणि आबांचं मत पक्कं झालं. सूत कातताना हातातला कापसाचा पेळू सरत जातो तसा हा ढग तारे घडवता घडवता सरत चालला आहे, आणि तो सरताना पाहणारे बहुधा आपणच पहिले. त्यांना त्याचं दुःख होतं आणि आनंदही होता. मी त्यांना इतकं जिवंत कधी पाहिलं नव्हतं.

ते एकेकाला वर नेऊन दाखवायचे. शाळेचे हेडमास्तर, भाऊबंद, जिनाचे मुनीम, सगळे आळीपाळीने डोळा लावायचे. आबा विचारायचे, "कमी शे ना?" आणि प्रत्येक जण म्हणायचा, "हो आबा, कमीच आहे जरा." माझा नवराही तेच म्हणायचा. अक्का तर वर न जाताच म्हणायच्या.

आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. आबा म्हणाले आज दशमी, तर घरात दशमी. पंचांगात नवमी असली तर पंचांग मुकाट्याने खुंटीला परत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट अशा घराला लोक वळणाचं घर म्हणत. मला स्वतःला त्या वळणाचा फार कंटाळा होता, पण सुनेच्या कंटाळ्याला कोण विचारतो?

त्याच सुमाराला आबांच्या पायाला तांब्या लागायला लागला. जेवायला बसताना उजव्या हाताला ठेवलेला तांब्या ते हमखास लवंडायचे. वासराच्या दाव्यात अडखळायचे. एकदा दाराची चौकट उजव्या भुवईवर बसली आणि रक्त आलं. "हाई कोनी ठेवं अठे?" असं ओरडायचे, जणू चौकट कुणी काल आणून ठेवली होती. आणि वर्तमानपत्र मात्र चष्मा पुसून बारीक अक्षरापर्यंत वाचायचे. त्यामुळे डोळ्यांचा संशय कुणालाच आला नाही. वय झालं, पाय जड झाले, एवढंच.

अक्कांनी काय केलं, तर घरच सरकवून घेतलं. तांब्या डावीकडे, दावं खुंटीला, उखळ परसात. आबांच्या वाटेत काही येणार नाही असं त्यांनी एवढ्या हळुवारपणे केलं की आपलं काही चुकतंय हे आबांना कळायची शेवटची वाटही बंद झाली. अक्कांची माया खोटी नव्हती. म्हणूनच त्यांच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

एका शिवरात्रीला मी आबांना दूध द्यायला वर गेले. ते एकटेच होते. "दख," म्हणाले, "किती कमी व्हयना." मी डोळा लावला, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे नजर बाजूला ठेवली, आणि तो उमलला. तसाच्या तसा. राखाडी, हिरवट, पंख पसरलेला.

मी म्हटलं, "आबा, मला तर तेवढाच दिसतो."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "तू एकदाव दखेल शे, माय. मी दर सालले दखस." मग म्हणाले, त्या चौकटीतले चार तारे मला सुईच्या टोकासारखे स्वच्छ दिसतात, तेव्हा डोळ्यांत काही नाही, जे काही आहे ते ढगातच.

जिना उतरता उतरता मला सगळं उमगलं. माझ्या मामांचं असंच झालं होतं. तेही पत्र वाचायचे आणि दारावर आपटायचे. समोरचं दिसायचं, बाजूचं आधी गेलं, आणि सगळ्यांना कळलं तेव्हा समोरचंही जात आलं होतं. त्याला काचबिंदू म्हणतात हे मला तेव्हापासून माहीत होतं. ढग तिरकं पाहिल्याशिवाय दिसत नाही, आणि आबांचं तिरकं पाहणंच संपत आलं होतं. चार तारे सरळ नजरेत बसायचे म्हणून ते दिसायचे. सरत होती ती आबांची नजर.

मी नवऱ्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आबाले कोन सांगी?" मी म्हटलं, तुम्ही सांगा. तो बैलांना चारा टाकायला निघून गेला. अक्कांना सांगितलं तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला आणि देवापुढे दिवा लावला. हेडमास्तरांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "वहिनी, आम्ही सगळ्यांनी पाहिलं, कमी आहे म्हणालो, आता आम्हीच फिरायचं म्हणजे..." वाक्य तिथेच सोडून ते टोपी सारखी करत निघून गेले.

मी स्वतः आबांना पुन्हा एकदा सांगितलं. ते म्हणाले, एवढे लोक म्हणतात आणि तू एकटीच नाही म्हणतेस. त्यांचंही बरोबर होतं. एका सुनेच्या शब्दाचं वजन एवढ्या पुरुषांच्या होकारापुढे किती?

मग आबांनीच ठरवलं की पुन्हा फोटो काढायचा. पहिली काच आणि नवी काच शेजारी ठेवून ढग सरत चालल्याचा पुरावा मुंबईतल्या विद्वान मंडळींकडे पाठवायचा. इंग्रजीत मजकूरही लिहून तयार होता. मला आनंद झाला. काचेला वडीलधारी माणसं नसतात, ती जे आहे तेच सांगणार होती. पण घरात सगळ्यांचे चेहरे उतरले.

तेव्हा युद्ध चालू होतं आणि फोटोच्या प्लेटा मिळत नव्हत्या. नवरा रात्री मला म्हणाला, "नानाले कयाव, प्लेटा मियतस नहीत म्हनीसन. आबानं मन दुखाई जाई."

मला राग आला की माझी भाषा धुळ्याच्या शाळेतली होते. मी म्हटलं, "मन दुखेल तर दुखू द्या. मन परत बरं होतं. डोळा होत नाही. तुम्हाला आबांचा मान हवा आहे की आबा हवे आहेत?"

तो कुशीवर वळला. मी सकाळी नानांना निरोप धाडला की असतील तिथून प्लेटा आणा, आणि पहिल्या वेळेच्याच जातीच्या आणा.

नानांनी जुना साठा धुंडाळून एक अर्धी पेटी आणली. शिवरात्रीच्या संध्याकाळी अक्का महादेवाला गेल्या. आम्ही बाकीचे वर. तोच कॅमेरा, तेच भिंग, तेच पट्टे. नानांना वाटलं होतं की तारा मी धरावा. आबांनी मान हलवली. "तारा मी धरसू." आणि ते बसले. कोळ्याच्या धाग्यांची फुली सरळ नजरेत होती, तारा सरळ नजरेत होता, त्यामुळे त्यांना अडचण काहीच नव्हती. दांड्यावरची त्यांची बोटं इतकी हळू फिरत होती की मला ती स्थिरच वाटत होती. गावात शंख वाजला, देवळातली घंटा वाजत राहिली, कुठेतरी कुत्रं भुंकलं. त्यांनी मान वळवली नाही. हा म्हातारा स्वतःच्या हातांनी स्वतःच्या डोळ्यांविरुद्ध साक्ष गोळा करत होता आणि ते त्याला माहीत नव्हतं. मला रडू आलं. धाबं हलेल म्हणून मी हुंदकासुद्धा दाबून धरला.

प्लेट पुन्हा कणग्यांच्या खोलीतच धुतली. नानांनी ती लाल उजेडात वर धरली, माझ्याकडे पाहिलं आणि पाण्यात ठेवली.

सकाळी आबांनी पेटीतून जुनी काच काढली. खिडकीत पांढरा कागद लावला, दोन्ही काचा त्याच्यापुढे शेजारीशेजारी उभ्या केल्या. भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग नकाशावर अंतरं घ्यायचा आपला जुना कंपास मागवला. त्याची दोन टोकं त्यांनी जुन्या डागाच्या दोन कडांना लावली, तसाच उचलून नव्या डागावर ठेवला. टोकं बरोबर कडांवर बसली. त्यांनी आडवं मोजलं, उभं मोजलं, तिरकं मोजलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. ओसरीत आम्ही सगळे उभे होतो.

आबांनी कंपास मिटला. आधी ते अक्कांकडे वळले. मान पूर्ण वळवून त्यांनी अक्कांना समोर आणलं, तेव्हा मला पुन्हा एकदा कळलं की हा माणूस कितीतरी दिवस असाच पाहत होता.

"तू वर यीसन कधी दखं?"

अक्कांनी मान हलवली. नाही.

मग मुलाला विचारलं, "तुले दिखे का?"

"दिखे."

"कमी?"

नवऱ्याने काचांकडे पाहिलं. मग म्हणाला, "नही, आबा. तेवढाच."

"मंग कमी कसाले म्हने?"

"तुम्ही म्हनेत म्हनीसन."

आबा खाली बसले. त्यांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, "जनमभर मी कोनाच सांगावर बांध आखा नही. पाटील सांगो, मामलेदार सांगो. साखळी टाकी, मंगच आखा. आनि मना घरमा..." अक्का पदर तोंडाला लावून रडत होत्या. नवरा आबांच्या पायांशी बसला आणि तोही लहान पोरासारखा रडला. आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण ठेवताना तो आधी खांद्यावर पडला आणि मग चाचपत डोक्यावर गेला.

मुंबईच्या मजकुराचे कागद त्यांनी त्याच सकाळी माझ्याकडे दिले आणि चुलीत घालायला सांगितले. मी घातले. तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, कारण माझंच खरं ठरलं होतं. पण तसं काही वाटलं नाही. नुसतं वाईट वाटत होतं.

पाचोऱ्याहून गाडीने त्यांना मुंबईला नेलं. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. उजवा डोळा गेल्यात जमा होता. डाव्यावर शस्त्रक्रिया केली तर आहे तेवढं राहील, गेलेलं परत येणार नाही. लवकर का नाही आणलंत, असं त्यांनी विचारलं. नवऱ्याने मला सांगितलं की त्या प्रश्नाला उत्तर आबांनीच दिलं, "घरात मला फार मान आहे, डॉक्टर."

डावा डोळा राहिला. एका नळीतून पाहावं तेवढंच जग त्यांना दिसायचं, पण तेवढं दिसायचं. ते वर्तमानपत्र वाचत राहिले. अक्कांनी तांब्या पुन्हा उजवीकडे ठेवायला सुरुवात केली, कारण आबांनी तसं बजावलं होतं. लवंडला तर लवंडू दे, म्हणाले, मला कळायला पाहिजे.

शिवरात्र मात्र त्यांनी सोडली नाही. दिवेलागण झाली की जिन्याचा कठडा धरून वर यायचे. स्वतः डोळा लावायचे नाहीत. मला बसवायचे आणि विचारायचे, "कशा शे?" मी जे दिसेल ते सांगायची. डावा पंख आज स्वच्छ आहे. आज शेकोट्यांचा धूर आहे, कडा दिसत नाही. एकदा आभाळच भरून आलं होतं, मी म्हटलं, "आबा, आज काही म्हणजे काही दिसत नाही." तेव्हा ते किती खूश झाले! अक्कांना खाली हाक मारून म्हणाले, "ऐकं का? नही म्हनस ही."

देश स्वतंत्र झाला त्याच्या आधीची शिवरात्र ही त्यांची शेवटची. त्या वेळी डाव्या डोळ्यातलंही बरंच गेलं होतं. ते माझ्या शेजारी आभाळाकडे तोंड करून बसले होते. मी सांगत होते आणि ते मधूनमधून हुंकार देत होते. पावसाळ्याआधी ते गेले. त्यांच्या खोलीतल्या दोन्ही काचा आम्ही माझ्या खोलीत आणल्या.

आता माझं वय आबांच्या त्या वेळच्या वयापेक्षा जास्त आहे. गावात विजेचे दिवे झाले, म्हणून आम्ही शिवरात्रीला दुर्बीण मळ्यात नेतो. मुलगा ती उभी करून देतो. गेल्या शिवरात्रीला मी डोळा लावला, नजर बाजूला ठेवली आणि थांबले. चार तारे होते. ढग यायला फार वेळ लागला, आणि आला तो अर्धाच.

माझी सून शेजारी शाल घेऊन उभी होती. गुणी पोर आहे, मला उलटून कधी बोलली नाही. मी तिला म्हटलं, "बघ गं जरा. मला कमी झाल्यासारखा वाटतो."

तिने डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. मग दुर्बिणीपासून दूर झाली, आणि बोलायच्या आधी तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"हो आई," ती म्हणाली, "जरा कमीच आहे."

मी मुलाला हाक मारली आणि सांगितलं की दुर्बीण आवर, सकाळच्या पहिल्या गाडीने मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने.